गाडीच्या छतावरचा कठडा

आमच्या विमानतळावरच्या फायर स्टेशनचे प्रमुख पहिल्यांदा माझ्याकडे फाइल घेऊन आले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीनेक वर्षं उरली होती. मी खरेदी विभागात होते. विमानतळ लहान, दिल्लीच्या कडेचा, दिवसाला मोजकीच विमानं. पण विमान एकच उतरायचं असलं तरी आगीची गाडी तयार उभी असावी लागते. आमची गाडी म्हातारी झाली होती. थंडीत सुरू व्हायला वेळ घेई. तिच्या छतावर फोम फेकणारी तोफ होती, ती खालून केबिनमधून चालायची. पण तिचा व्हॉल्व्ह वरचेवर अडकायचा. मग कुणीतरी शिडीने वर चढून तो हाताने फिरवायचा.

ते हिंदीत बोलायला लागले आणि टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचून थांबले.

"मराठी का तुम्ही?"

ते नागपूरचे. मी जन्मले, वाढले दिल्लीत. माझं मराठी आईशी बोलण्यापुरतं. त्या दिवसापासून चारचौघांत मी मॅडम आणि दोघंच असलो की ताई.

नवी गाडी कशी हवी ते त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून आणलं होतं. इंजिन, पंप, टाकी, सगळं नियमांप्रमाणे. एकच मुद्दा त्यांचा स्वतःचा होता : छताला चारही बाजूंनी कमरेइतका कठडा.

"कठडा म्हणजे?" मी विचारलं.

"रेलिंग हो, ताई." ते हसले. "फोम सांडला की छत साबण लावल्यासारखं होतं. वर माणूस उभा असतो."

निविदा निघाली. बोली येण्याआधी कंपन्यांची बैठक झाली, तिथे दोघातिघांनी कठड्यावर बोट ठेवलं. आमच्या मॉडेलमध्ये तो नसतो, हा मुद्दा कुणा एकाच कंपनीच्या सोयीचा दिसतो, असं म्हणाले. बैठक संपल्यावर माझे वरिष्ठ मला म्हणाले, "आगे चलके यही ऑब्जेक्शन बनेगा. देख लीजिए." मी बघितलं. म्हणजे मी टिपण लिहिलं की कठडा वगळावा, त्याऐवजी हाताने धरायला दोन दांड्या असाव्यात. अटी बदलल्या की निविदा रद्द करून नव्याने काढायची, तसंही लिहिलं. पहिलीच निविदा तशीच पुढे रेटली असती, तर कदाचित एखादा आक्षेप आला असता आणि त्याला उत्तरही देता आलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते उत्तर मला द्यावं लागलं असतं.

सहीसाठी मी त्यांना बोलावलं. त्यांनी टिपण दोनदा वाचलं.

"तोफ खालून चालते आहे तोवर ठीक आहे, ताई. अडकली की माणूस वर जातो."

"नवी गाडी आहे, सर. ती कशाला अडकेल?"

"ही पण एकदा नवीच होती," ते म्हणाले. मग खिशातलं पेन काढून त्यांनी सही केली. माझ्याशी वाद घातला असता तर बरं झालं असतं. पण आपल्या माणसाला अडचणीत आणायचं नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

दुसऱ्या निविदेत वर्ष गेलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जुनी गाडी बाद ठरवण्यासाठी समिती नेमली गेली. समितीत मी होते. गाडीची खरी अवस्था कागदावर यावी म्हणून आम्ही सकाळच्या सरावाला हजर राहिलो. सरावाच्या खड्ड्यात आग पेटवली, गाडी आली, पाण्याची धार नीट सुटली. फोम मात्र सुरू झाला आणि थुंकल्यासारखा होऊन थांबला. छतावर, काचेवर पांढरे गोळे पडले. त्यांच्या पथकातला एक जण शिडीकडे निघाला होता. त्याला त्यांनी हाताने मागे सारलं आणि म्हणाले, "तू रहने दे, मैं दिखाता हूँ साहब लोगों को."

साहब लोग म्हणजे आम्ही.

ते वर चढले, वाकले, व्हॉल्व्ह फिरवला. फोम सुटला. ते वळले आणि पाय घसरला. हात त्यांनी बाजूला टाकला होता, मला तो अजून दिसतो. धरायला तिथे काही नव्हतं. पडल्याचा आवाज मला आला नाही, पंप चालू होता.

पाठीचा कणा दुखावला. नोएडातल्या हॉस्पिटलमध्ये दोन ऑपरेशनं झाली. पायांतली ताकद परत आली नाही.

नवी गाडी त्या हिवाळ्यात आली. पोपटी-पिवळी, उंच, धुक्यात लांबून दिसणारी. पथकाने बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, सगळ्यांनी फोटो काढले. तपासणीच्या कागदावर सह्या करून मी मेट्रोने नोएडाला त्यांच्या घरी गेले. तळमजल्याचं भाड्याचं घर होतं, खुर्ची बाहेर नेता यावी म्हणून घेतलेलं.

त्यांच्या पत्नीने, काकूंनी, दार उघडलं. ते खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होते, मांडीवर शाल. मी फोनवर फोटो दाखवले. त्यांनी एकेक मोठा करून पाहिला.

"धावपट्टीच्या टोकाला किती वेळात पोचली?"

मी सांगितलं. ते खूश झाले. पंपाचं विचारलं, टायरचं विचारलं. मग छताचा फोटो आला, तो त्यांनी बोटाने मागे-पुढे सरकवून पाहिला.

"दोन दांड्याच आहेत," मी म्हणाले.

"हो. ठरलंच होतं तसं."

काकू चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय ठरलं होतं?"

मग मी सांगितलं. कठड्याचं, माझ्या टिपणाचं, निविदा पुन्हा काढल्याचं.

काकूंनी कप टेबलावर ठेवले. "म्हणजे तुम्ही ते काढलं नसतं, तर गाडी आधीच आली असती?"

"आली असती."

"सही माझी पण होती," ते मध्येच म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या आत गेल्या आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. आम्ही दोघांनी चहा तसाच ठेवला. निघताना ते म्हणाले, "पहिल्या सर्व्हिसिंगला बसवून घ्या, ताई. पत्र लिहा."

मी पत्रं लिहिली. कंपनी म्हणाली, छताला भोक पाडलं तर वॉरंटी जाईल. पुन्हा लिहिलं. अखेर कठडा बसला, तोवर ते दोघं नागपूरला मुलीकडे गेले होते. मी त्यांना फोटो पाठवला. तो पाहिल्याची निळी खूण उमटली, उत्तर आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात काकूंचा फोन आला. पडून राहून पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यातून ताप, आणि ते गेले. पंधरा दिवस झाले होते. त्या शांतपणे बोलत होत्या.

"शेवटी शेवटी सकाळी उठले की हजेरी घ्यायचे हो, तुमच्या तिथल्या मुलांची. एकेकाचं नाव घ्यायचे आणि थांबायचे. उत्तर आलं नाही की पुढचं नाव घेत नव्हते."

"मग?"

"मग मीच 'हाजिर' म्हणायचे. प्रत्येकाच्या वतीने."

मग त्यांनीच माझ्या मुलीच्या दहावीचं विचारलं.