मशीन थांबल्याचा आवाज

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे तू ज्याला त्याला सांगत सुटतेस, असं नवरा म्हणतो, आणि ते खरं आहे. ज्यांच्या घरी आजापणज्यापासून शिकलेले आहेत त्यांना नसेल सांगावंसं वाटत. मला वाटतं.

पदवी आणि नजर, या दोनच गोष्टींना मी माझ्या म्हणत आले. नजर म्हणजे बुद्धिबळातली. सावकाश डावात मी सामान्यच आहे. विचाराला वेळ मिळाला की माझं डोकं भलत्याच गल्ल्यांत शिरतं. पण झटपट डावात, दोघंही घाईत असताना, पटावर काही जुळून आलं की ते मला दिसतं. वजीर फुकट टाकायचा आणि तीन चालींत सगळं वसूल करायचं, असलं काहीतरी.

हे शिकले ते उंब्रजला, आण्णांच्या दुकानात. आण्णा म्हणजे माझे वडील, शिंपी. उजेडासाठी मशीन मागच्या खिडकीशी लावलेलं, त्यामुळं दारातल्या फळीवर बसलेल्याला त्यांची फक्त पाठ दिसायची. फळीवर फौजेतून परतलेली माणसं बसत. त्यातले एक सुभेदार. पट त्यांचाच, खेळही बराकीत शिकलेला. घड्याळ नव्हतं. समोरच्याची चाल आली की ते बोटं दुमडत मोजायचे, "एक, दो, तीन." मूठ मिटेपर्यंत चाल झाली नाही की डाव गेला. मी शाळेतून यायची आणि दप्तरासकट फळीवर चढायची. दुकान बापाचं, त्यामुळं पोरीच्या जातीनं इथं कशाला बसायचं, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मशीनची एक गंमत असते. ते सारखं चालू असलं की ऐकू येत नाही. थांबलं की कळतं, अरे, इतका वेळ आवाज होता.

पहिल्यांदा मला ते कळलं तेव्हा सुभेदारांची दोन बोटं दुमडून झाली होती. पाठीमागं मशीन थांबलं. सगळ्या बाजारपेठेवर कुणी गोधडी टाकावी तसं झालं. मी पटाकडं पाहिलं, आणि सुभेदारांच्या कोपऱ्यातल्या राजाशेजारचं घर एकटंच लख्ख झाल्यासारखं दिसलं. तिथं मी वजीर ठेवला. राजाला तो मारता येईना, घोड्याचा जोर होता. हत्तीनं मारला. मग राजा आपल्याच माणसांत कोंडला गेला आणि मी घोड्यानं मात दिली.

"च्यायला," सुभेदार म्हणाले. "नजर हाय पोरीला. आवं शिंपीबुवा, कुनाच्यावर गेली ही?"

"हं," आण्णा म्हणाले. मी खेळत असले की ते तोंड न उघडता तेवढंच म्हणायचे. रात्री जेवताना मात्र आईला म्हणाले, "आपल्या घरात असलं डोकं कुनालाच न्हवतं."

पुढं ते नेहमीचं झालं. मशीन थांबलं की पटावर काहीतरी असायचंच. मी कुणाला बोलले नाही. कॉलेजात विज्ञान शिकायला लागल्यावर मी त्याचा उलगडाही करून टाकला. भोवतीच्या जाणत्या माणसांना आधी दिसतं, त्यांचा श्वास अडकतो, दुकान गप होतं, आणि खेळातलं काही न कळणाऱ्या आण्णांचा पाय नकळत पायडलवर थांबतो. मला ऐकू येतं ते एवढंच. उलगडा बरोबर वाटला, पण मनाला लागला. म्हणजे नजर माझी नव्हती, फळीवरच्या माणसांची होती.

लग्नानंतर मी साताऱ्याला आले. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब बघते. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की मोबाईलवर तीन मिनिटांचे डाव खेळते. समोर कोण, कुठल्या देशातला, काही पत्ता नसतो. आणि एका दुपारी, बाहेर मालाचा ट्रक मागं घेताना पोरं ओरडत असताना, माझ्या पाठीमागं मशीन थांबलं.

मी वळून पाहिलं. पाण्याचा पिंप आणि भिंत.

पटावर घोडा होता, एका उडीत राजा आणि वजीर दोन्ही धरणारा. मी डाव जिंकले, आणि हातातला मोबाईल कितीतरी वेळ खाली ठेवला नाही. मशीन चालू झाल्याचं मला कधी ऐकू येत नाही, तेव्हाही आलं नाही आणि पुढंही नाही. फक्त थांबल्याचं येतं. सवय, असं मी स्वतःला समजावलं. पण मला एकदा नक्की करून घ्यायचं होतं, ही नजर माझी आहे की नाही. भोवती गर्दी नाही, आवाज नाही, अशा ठिकाणी एक डाव स्वतःच्या डोळ्यांनी जिंकायचा. म्हणून सांगलीच्या जलद बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धेत नाव घातलं. आत खेळाडूंशिवाय कुणाला सोडत नव्हते. तरी मी दोन्ही कानांत कापूस घालून बसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "सर्दी झालीय का?" मी व्हय म्हटलं.

शेवटच्या फेरीत समोर मिरजेकडचे बँकेतले गृहस्थ होते. त्यांचं एक प्यादं फुकट मिळत होतं. मी हात पुढं केला, आणि कापसाच्या आतून, पाठीशी, मशीन थांबलं.

मी हात मागं घेतला. पट धुंडाळला. माझ्यासाठी काहीच नव्हतं. घड्याळ पळत होतं. मग मी पट त्यांच्या बाजूनं पाहिला आणि कळलं. ते वजीर माझ्या हत्तीपुढं टाकणार, मी तो मारणार, आणि शेवटची ओळ मोकळी झाली की त्यांचा हत्ती तिथं उतरून मात. मी राजापुढचं प्यादं एक घर सारून त्याला पळायला खिडकी केली. पुढं डाव जिंकलेही.

सोंगट्या आवरताना ते गृहस्थ म्हणाले, "मॅडम, एक विचारू? तुम्ही प्यादं सारलंत तेव्हा मला कळलं की मला वजीर देता आला असता. तोवर मला दिसलंच नव्हतं. तुम्हाला कसं दिसलं?"

मशीन थांबलं तेव्हा खोलीत कुणालाच दिसलं नव्हतं, मलाही नाही. मग श्वास कुणाचा अडकला? माझा उलगडा तिथंच मोडला.

परतताना एसटीतून उंब्रजला उतरले. आण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मशीन बंदच आहे, पट्टाही काढून ठेवलाय. ते खिडकीशी बसून काजं-बटणं करतात. फळीवर सुभेदार एकटेच होते, पट मांडून.

"ये, शिकलेल्या बाई," ते म्हणाले. "सांगली मारली का न्हाई?"

मी आण्णांच्या पाठीला विचारलं, "आण्णा, मी खेळायची तवा तुमी मशीन मधीच का थांबवायचा?"

"हं?" त्यांनी ओठांत धरलेली सुई काढली. "कवा थांबवलं?"

"मी खेळत असताना. रोज."

"तू खेळताना मशीन चालवतच न्हवतो की गं. तुझं डोकं चालायचं, तिथं ह्याची खडखड कशाला? तू फळीवर चढलीस की मी हातशिलाई घ्यायचो."

"मीच सांगिटलं हुतं," सुभेदार म्हणाले. "पोरगी उठंस्तवर मशीन बंद."

मला त्या सगळ्या काळातला 'हं' आठवला. ओठांत सुई असताना माणूस तेवढंच बोलू शकतो.

मी फळीवर बसले. मशीन चालूच नव्हतं. कधीच नव्हतं. मग नजर फळीवरच्या माणसांची नाही, आण्णांच्या पायाची नाही. माझीच. मला आनंद व्हायला हवा होता. पण चालूच नसलेलं ते काय होतं, जे इतकी वर्षं माझ्या पाठीशी थांबत आलं?

"बसलीसच हाईस तर खेळ," सुभेदार म्हणाले. काय करणार, खेळायला लागले. उन्हं फळीवरून उतरत होती. बऱ्याच सोंगट्या उडाल्यावर त्यांनी उंट पुढं घातला आणि बोटं दुमडायला घेतली. "एक... दो..."

थांबलं.

मी मान वळवली नाही. मागं कापडावर सुई ठेवल्याची बारीक चाहूल लागली.

"सापडलं का गं?" आण्णा म्हणाले.

"काय?"

"मला काय कळतंय त्यातलं. एकदम गप झालं, म्हनून इचारलं."

सुभेदारांचं तिसरं बोट अर्ध्यावर राहिलं. "काय गप झालं, शिंपीबुवा? मी मोजतोय न्हवं."

मी खिडकीकडं पाहिलं. पट्टा नसलेल्या मशीनचं चाक, आणि त्याच्याकडंच बघत बसलेले आण्णा.

"तीन," सुभेदार म्हणाले, जरा हळू आवाजात.

मी घोडा उचलला.