धम्मानंद मिस्त्रीची पहिली फेरी

जरीपटका वस्तीतल्या धम्मानंद मिस्त्रीला ओळखत नाही असा ट्रॅक्टरवाला विरळाच. इंजिन खोलण्याआधी तो डोळे मिटून दोन मिनिटं नुसता ऐकायचा आणि मगच पान्याला हात घालायचा. लोक म्हणायचे, डॉक्टरला नळी लागते, ह्याला तीही लागत नाही. हा कान बापाचा, असं त्याची म्हातारी आई मीराबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितल्याशिवाय सोडत नसे.

बाप धोंडबा कळमेश्वरजवळ बागायतदार चंपतरावांच्या वडिलांच्या शेतावर कामाला होता. तिथे एक जर्मन ट्रॅक्टर होता, एकाच सिलिंडरचा. तो सुरू करणं म्हणजे खायचं काम नव्हतं. पुढचा लोखंडी गोळा आधी ज्वाळेनं लाल करायचा, मग स्टिअरिंग दांड्यासकट उपसून बाजूच्या जड चाकात घालायचं आणि हिसका द्यायचा. हिसका चुकला की इंजिन उलटं फिरायला लागे. मग पुढचा गिअर टाकला तरी ट्रॅक्टर मागे जाई. असं झालं की आवाज किंचित लंगडतो. धोंडबा तो शेताच्या दुसऱ्या टोकावरून ओळखायचा.

तेरा वर्षं रोज सकाळी धोंडबानं हिसका दिला. सीटवर मात्र त्याला कधी बसू दिलं नाही. एकदा पावसात जरा टेकला, तर मालकानं सीट धुऊन घेतली. त्याच्याच हातून.

पुढे ट्रॅक्टर गोठ्यात गंजत पडला, धोंडबाही गेला. चंपतरावांनी शेतावर पर्यटन केंद्र काढायचं ठरवलं तेव्हा त्यांना त्या लोखंडाची आठवण झाली आणि ते धम्मानंदकडे आले. धम्मानंदनं एकच अट घातली.

"भाऊ, पहिली फेरी मी मारीन. माय पुढं बसून पाहीन."

"अरे, तूच मार ना बे! तुझ्याशिवाय कोणाले येते ते?" चंपतराव हसत म्हणाले.

अकरा महिने गेले. भाग कुठेच मिळत नव्हते. गोळा त्यानं नव्यानं ओतून घेतला, पिस्टनच्या रिंगा हातानं घासल्या, सीटवरचा गंज तर त्यानं कोणा कारागिराला शिवूच दिला नाही. घरी गेला की मीराबाई विचारायची, "सीट झाली का गा?" इंजिनाचं तिला काही पडलेलं नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी मीराबाई पांढरंशुभ्र लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. धम्मानंदनं ज्वाळा पेटवली, गोळा लाल होऊ लागला. तेवढ्यात चंपतरावांचा मुलगा धर्मेंद्र गॉगल लावून आला आणि सरळ सीटवर चढला.

धम्मानंदनं चंपतरावांकडे पाहिलं. त्यांच्या हातात माईक होता.

"अबे, असा काय पाहून राहिला? तुझ्या बापानं हँडल मारलं, तू हँडल मार. सीट आमच्या घरची हाये!"

लोक खो खो हसले. धम्मानंदला आईकडे बघायची हिंमत झाली नाही. त्यानं स्टिअरिंग चाकात घातलं आणि हिसका दिला. इंजिन धडधडून जागं झालं, टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत आवाज लंगडत होता.

इंजिन उलटं फिरत होतं. त्यानं स्टिअरिंग जागेवर बसवलं आणि सांगायला तोंड उघडलं.

"ए मिस्त्री, बाजूले हो," धर्मेंद्र वरून ओरडला. "फोटोत येऊन राहिला तू."

धम्मानंदनं तोंड मिटलं. ट्रॅक्टरच्या मागे काय होतं हे त्याला माहीत होतं. सकाळीच त्यानं पाहिलं होतं: कडब्याची गंजी आणि चंपतरावांच्या नावाचा नवा कोरा फलक. जाऊ दे त्याच्यावर, पाहू दे साऱ्या गावाला. तो चार पावलं सरकून उभा राहिला.

त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. तो ज्वाळेवर वाकलेला असताना चंपतरावांची सून श्वेता मीराबाईजवळ आली होती. "आजी, इथं पाहुणे बसणार आहेत. तुम्ही तिकडे सावलीत बसा ना," असं गोड बोलून तिनं म्हातारीची खुर्ची गंजीच्या आडोशाला नेऊन ठेवली होती.

धर्मेंद्रनं पुढचा गिअर टाकला.

मीराबाईचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. चंपतरावांनी दवाखान्यात फळांची टोपली पाठवली आणि गावभर सांगितलं, मिस्त्रीनंच इंजिन उलटं सुरू करून दिलं, त्याला कळलंसुद्धा नाही. ते खोटं आहे हे एकट्या धम्मानंदला ठाऊक होतं, आणि खरं त्याहून वाईट होतं.

सहाव्या दिवशी मीराबाईनं त्याला जवळ बोलावलं.

"धम्मा, मी बसल्या जागी ओळखलं गा. उलटं फिरून राहिलं होतं. उठतपर्यंत आलंच अंगावर. तुले नाही समजलं?"

तिच्या पायाच्या जागी चादर सपाट पडली होती. धम्मानंद चादरीची घडी सारखी करत राहिला.

"नाही माय. गडबडीत नाही समजलं."

मीराबाईनं बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याच्या हातावर थोपटलं.

"जाऊ दे. बापाचा कान साऱ्याच पोराईले येत नाही."

आता ती घरी आहे. भेटायला येणारे धम्मानंदला नावं ठेवू लागले की ती खाटेवरून उसळते. "त्याले काहून बोलता वं? माझ्या पोराले आवाज समजत नाही, त्याले तो काय करन?"

बायका वळून त्याच्याकडे बघतात. धम्मानंद चहाचे कप खाली ठेवतो आणि मान हलवतो.

"हो," म्हणतो, "नाही समजत मले."