शनिवारचा पुकारा

शिकलेली चार माणसं दर आठवड्याला एका खोलीत बसली की त्यांचं ज्ञान वाढतं का, कोण जाणे! किस्से मात्र घरातल्या रद्दीसारखे साचत जातात. टाकवतही नाहीत आणि कुणी मागायलाही येत नाही. आज तुम्ही मागताय, तर ऐका.

निजामावरची पोलीस अॅक्शन होऊन काही वर्षं झाली होती. शहागंजात देशमुख वकिलांचं ऑफिस होतं, एका दुकानाच्या माडीवर. शनिवारी कोर्ट सुटलं की आम्ही पाच जण तिथं जमायचो. वकीलसाहेब, फिजिक्सचे जोशी सर, वेरूळचे भिक्षुकी करणारे गुरुजी, शाळेत शिकवणाऱ्या मालतीबाई आणि कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारा मी. दर शनिवारी एक संकल्पना घ्यायची आणि तिच्यावर खटला चालवायचा, अशी आमची रीत. विवेक, पाप, न्याय, कोणीही आरोपी!

वकीलसाहेब निजामाच्या काळात उर्दूतून वकिली शिकलेले. खटला सुरू होण्याआधी ते जिन्याच्या दाराशी जायचे आणि कोर्टातल्या शिपायासारखा तीनदा पुकारा करायचे, "विवेक हाजिर होऽऽ!" कुणी येत नसेच. मग "मुलजिम गैरहाजिर!", म्हणजे आरोपी आलेला नाही, असं म्हणून ते खुर्चीत बसायचे आणि आमची भांडणं सुरू व्हायची.

*

एका शनिवारी आरोपी होती भीती. जिन्याखाली एक म्हातारं कुत्रं कायम झोपलेलं असायचं. आमचे पुकारे ऐकून त्याचे कान किटले असतील. त्या दिवशी "भीती हाजिर हो" झालं आणि ते उठून वर आलं. दारातून खोलीत बघितलं, कण्हलं आणि पाठ न फिरवता, मागच्या मागं एकेक पायरी उतरत गेलं. पुन्हा त्या जिन्याखाली ते कधी झोपलं नाही.

जोशी सर पुण्याचे. ते म्हणाले, "मोठ्या आवाजाला दचकलं, एवढंच."

गुरुजी म्हणाले, "आवाज तर ते दर शनिवारी ऐकतं की, सर. आज बघितलं!"

*

गुरुजींची एक तक्रार असायची. पुकारा झाला की दारातून गार वारं येतं. "आत्मा" होता त्या शनिवारी जोशी सरांनी दाराला थर्मामीटरच टांगलं. मे महिना, पत्रे तापलेले. पुकारा झाला. गुरुजींनी उपरणं अंगाभोवती ओढलं. सरांनी पारा बघितला आणि टाळी वाजवली. "जागचा हललेला नाही! जे मोजता येत नाही ते नसतं, गुरुजी!"

गुरुजींनी सरांचा हात धरून आम्हाला दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत काटा उभा राहिला होता.

"मग हे कशानं मोजायचं?"

*

माझी पाळी आली तेव्हा मी "साक्ष" घेतली. माणसाची आठवण किती कच्ची असते, हे मला दाखवायचं होतं. मागच्या शनिवारी खोलीत कोण कोण होतं, हे मी प्रत्येकाला बाजूला नेऊन विचारलं. सगळ्यांनी आम्हा पाचांखेरीज आणखी एक माणूस सांगितला. खिडकीपाशी बसलेला, गप्प. वकिलांना वाटलं जोशी सरांचा पाहुणा, सरांना वाटलं गुरुजींचा यजमान. आणि खरं सांगतो, तो मलाही आठवत होता! मी त्याला वकिलांचा अशील समजलो होतो.

वकीलसाहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. "अरे भई, इतके साक्षीदार एकमुखानं बोलले तर माझ्या कोर्टात हा माणूस साबित झाला!"

 जिना उतरताना मालतीबाईंनी मला हळूच विचारलं, "अंगानं किरकोळ होता ना हो?"

*

आता मालतीबाईंचं सांगायला हवं. त्यांचे यजमान, रंगनाथराव, खेड्यातले, अंगानं किरकोळ. रझाकारीच्या धामधुमीत एका संध्याकाळी घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. ना प्रेत, ना निरोप. बाई सवाष्ण की विधवा, हे कुणालाच सांगता येईना. पुढं आमच्याच बैठकीत बाईंचं आणि जोशी सरांचं मन जुळलं. लग्न करायचं ठरलं. आम्हाला फार आनंद झाला! पण नवरा मेला हे आधी ठरायला हवं होतं.

वकील म्हणाले, "सात वर्षं ज्याची खबर नाही, त्याला कायदा मेलेला मानतो."

गुरुजी म्हणाले, "शास्त्र बारा सांगतं."

बाई ताडकन म्हणाल्या, "जिवंत माणसानं किती झुरायचं? आधी माणूस, मग तुमचं शास्त्र!"

तेव्हा गुरुजींनी एक गोष्ट सांगितली. बेपत्ता माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. असा एक विधी त्यांनी केला होता. पुतळ्याला आंघोळ घालायला त्यांनी हात लावला, तर त्या माणसाची म्हातारी आई पुढं सरकली.

"गुरुजी, डावा हात हळू धरा. लहानपणी मोडलेला हाय."

*

सोमवारी कोर्टात अर्ज द्यायचा होता. त्याच्या आदल्या शनिवारी आरोपी ठरला मृत्यू. वकीलसाहेब पुकाऱ्याला उठले, तेव्हा बाई म्हणाल्या, "मृत्यूला नको. त्यांच्याच नावानं बोलवा. म्हणजे माझं मन मोकळं होईल."

जोशी सरांनी मान डोलावली. ते बाईंच्या शेजारीच बसले होते.

"रंगनाथ हाजिर होऽऽ!" खाली बाजार भरात होता. भाजीवाल्यांची ओरड, टांग्यांच्या घंटा. जिना रिकामा.

वकिलांनी दुसऱ्यांदा पुकारा केला. बाईंनी डोळे मिटले होते.

तिसरा पुकारा झाला. वकीलसाहेब थोडे थांबले, सुटल्यासारखा श्वास सोडला आणि आमच्याकडं वळले. "मुलजिम गैर..."

"हाजिर हाय."

आवाज दारातून आला नव्हता, खोलीतूनच आला होता. जोशी सर उठून उभे होते. घामेजलेले, धूळभरल्या रस्त्यानं लांबून चालत आल्यासारखे. बाईंना कायम "अहो मालतीबाई" म्हणणारा हा पुण्याचा माणूस त्यांच्याकडं बघून, आम्ही कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाला, "लई येळ झाला का गं?"

 गुरुजी काहीतरी पुटपुटू लागले.

मालतीबाईंनी डोळे उघडले. पदर डोक्यावरून घेतला.

"नाय वो," त्या म्हणाल्या. "हातपाय धुवा. वाढते."