भिस्ती आणि आठव्या मजल्याचं दार

आमच्या गल्लीला ऐन उन्हाळ्यात सलग चार दिवस पाणी मिळालं नाही, त्याला दुष्काळ जबाबदार नव्हता. मी होतो. दुष्काळ होताच म्हणा, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण टँकर गल्लीच्या तोंडाशी येऊन, हॉर्न वाजवून, भरलेला तसाच परत गेला, तो एका कार्टूनपायी. आणि ते कार्टून मी आणलं होतं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. उमरग्यात हायवेला हमीदचाचांचं हॉटेल होतं. त्यांनी हैदराबादहून व्हिडिओ गेमचं एक मशीन भाड्यानं आणलं आणि भज्यांच्या कढईशेजारी उभं केलं. पडद्यावर लाल टोपीचा एक बुटका माणूस, हातात काठोकाठ भरलेली बादली. दांडा फिरवून आणि बटण दाबून त्याला शिड्यांवरून आठ मजले वर न्यायचं. कावळे बादलीत चोच घालणार, वरून दगड गडगडत येणार. थोडं पाणी सांडलं की गडी पुन्हा तळाशी! त्याचं खरं नाव इंग्रजीत होतं, पण पाणी वाहतो म्हणून सगळं उमरगा त्याला भिस्तीच म्हणायचं. दवाखान्यात पेशंट घेऊन आलेली माणसं पेशंटला बाकड्यावर बसवून भिस्ती खेळायला यायची.

मी तेव्हा दूध सोसायटीत क्लार्क. वय तीस, दोन लेकरांचा बाप, आणि ऑफिस सुटलं की थेट मशीनसमोर. शेवटी एके दिवशी आमचे वडील, अण्णा, मला कान धरून घरी न्यायला हॉटेलात आले. कान धरलाही. पण समोर पाणी सांडताना दिसलं आणि त्यांचा हात सुटला. "सर तिकडं. पाणी असं नेत्यात व्हय?" म्हणाले, आणि दांडा त्यांनी जो घेतला तो पुढचे दोन महिने मला मिळालाच नाही.

अण्णा म्हणजे बावीस वर्षं टँकरचे ड्रायव्हर. नुकतेच रिटायर झालेले. पाणी न सांडता न्यायचं हे त्यांच्या हाडात होतं. मी तिसऱ्या मजल्यावर मरायचो (कायम तिसऱ्याच, कावळासुद्धा ओळखीचा झाला होता), तिथं अण्णा आठवड्याभरात सातव्या मजल्यावर पोचले. तिथून वर बघितलं की आठव्या मजल्यावर एक बंद दार दिसायचं. दारामागं काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हमीदचाचांनी हैदराबादला विचारून पाहिलं, तिकडंही आठव्यावर कुणी पोचलेलं नव्हतं.

अण्णांना मात्र खात्री होती. मला एकदा म्हणाले, "बावीस वर्षं म्या पाणी नेलं, मिलिंदा. जिथं नेलं तिथं कुणी ना कुणी रस्त्याला डोळे लावून उभं होतं. दार हाय म्हंजे आत माणूस हाय. ते कोण हाय येवढं मला बघायचंय."

हे बोलले आणि चारच दिवसांनी हात मोडून घेतला. टँकरचं वरचं झाकण नवा ड्रायव्हर नीट लावत नाही, म्हणून त्याला शिकवायला स्वतः वर चढले आणि खाली आले ते मनगटावर. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. त्याच आठवड्यात हमीदचाचांनी सांगितलं, की मशीनचा मालक पंधरा दिवसांनी मशीन परत नेतोय. अण्णांनी डाव्या हातानं खेळून पाहिलं. दुसऱ्याच मजल्यावर पाणी सांडलं. मग जेवेनात, बोलेनात. आई म्हणाली, "नोकरी सुटली तवा बी असं नव्हतं केलं."

मला बघवेना. आणि अशा वेळी माझ्या अंगात नेमकी हुशारी संचारते! एका ट्रक ड्रायव्हरकडून कळलं, की भिस्तीवर अख्खं कार्टून निघालंय, हैदराबादेत त्याची कॅसेट मिळते. मी ती मागवली. कव्हरवर झकास चित्र: भिस्ती बादली घेऊन शिडीच्या टोकाला, वर दार उघडलेलं, आतून पिवळा उजेड! मी छाती काढून अण्णांना म्हणालो, "रविवारी दुपारी आठवा मजला दाखवतो तुम्हाला." अण्णा त्या रात्री दोन भाकरी जेवले. कॅसेट उशाशी घेऊन झोपले.

बेत फक्त अण्णांपुरता होता. पण कलर टीव्ही सोसायटीचा (शेतकऱ्यांना शेतीचे कार्यक्रम दाखवायला घेतलेला, कपाटात कुलूपबंद आणि किल्ली माझ्याकडं), म्हणून चेअरमनसाहेबांना विचारावं लागलं. ते म्हणाले, मी पण येतो. व्हीसीआर भाड्याचा, तो देणारा सहकुटुंब आला. आईनं शेजारणीला सांगितलं, आणि शेजारणीला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. रविवारी सोसायटीच्या खोलीत दुधाच्या कॅनवर, कॅनच्या झाकणांवर, वजनकाट्यावरसुद्धा माणसं बसली होती. उजेड नको म्हणून खिडक्यांना वाकळा लावल्या. टँकर संध्याकाळी यायचा, म्हणून बायांनी घागरी अगोदरच गल्लीच्या तोंडाशी रांगेत लावून ठेवल्या होत्या. आत जीव घुसमटत होता, पण तक्रार कुणाची नव्हती. सगळ्यांना आठवा मजला बघायचा होता. अण्णा सगळ्यात पुढं, प्लास्टरचा हात मांडीवर.

कार्टून सुरू झालं. भिस्ती दिसला. टाळ्या! मग भिस्ती बोलायला लागला. गेममध्ये दोन महिने ज्यानं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, तो इंग्रजीत जो सुटला तो थांबेचना. बंगल्यात राहत होता. बंगला एकमजली! सोबत एक बोलकं बदक. शिडी नाही, कावळा नाही, दगड नाही. बादली होती, पण खुंटीला टांगलेली. अण्णांनी ती लगेच हेरली आणि तिच्यावरून नजर हलवली नाही. "आता उचलंल," म्हणाले.

भिस्तीनं बदकाशी गप्पा मारल्या. पंधरा मिनिटं. केक खाल्ला. मग चेअरमनसाहेबांनी अंधारातून विचारलं, "मिलिंदराव, तो काय म्हणतोय ते सांगा की लोकांना. तुम्हाला इंग्रजी येतं ना?"

आता, नोकरीच्या अर्जात इंग्रजी येतं असं मी लिहिलं होतं, आणि तो अर्ज याच साहेबांनी वाचला होता. शिवाय पुढं अण्णा बसलेले. मी भाषांतर सुरू केलं. म्हणालो, "तो म्हणतोय, बदका, वर लोक तहानलेत, मला निघायला पाहिजे." खोलीत हळहळ पसरली. भिस्ती उठला. सगळे सरसावले. आणि तो जाऊन टबात बसला!

नळ सोडला. टब भरून वाहायला लागला, पाणी फरशीवर, फरशीवरून अंगणात, आणि हा आत बदकाच्या अंगावर पाणी उडवतोय. आमच्याकडं तेव्हा एका घागरीत भांडी, कपडे आणि आंघोळ बसवत होते. मग मागून एकीनं विचारलं, "ह्याला कुणी बोलणारं न्हाय का?" मी घाईघाईनं भाषांतर केलं, "तो म्हणतोय, अंग स्वच्छ करतो आणि लगेच वर पाणी नेतो."

"मिलिंदा," अण्णा मागं न वळता म्हणाले, "त्याचं तोंड तर मिटलेलं हाय. तू कुणाचं सांगालास?"

बाहेर कुठंतरी हॉर्न वाजल्यासारखं वाटलं, पण बदक गायला लागलं होतं आणि त्याचा आवाज मोठा होता. भिस्तीनं अंग पुसलं, बदकासोबत नाच केला, दिवा मालवला आणि झोपला. बादली खुंटीलाच. पडद्यावर इंग्रजी नावं वर सरकायला लागली. अण्णांनी ती शेवटपर्यंत पाहिली, कारण नावं वर चालली होती, न जाणो एखादा मजला लागायचा. मग कॅसेट संपून पडद्यावर मुंग्या आल्या.

वाकळ काढली तर गल्लीच्या तोंडाशी घागरी रांगेत, कोरड्या ठणठणीत. टँकर त्या दिवशी कधी नव्हे तो लवकर आला होता. हॉर्न वाजवला, माणूस दिसेना, म्हणून पुढच्या वस्तीला निघून गेला. एक दिवसाआडचा टँकर पुढं बिघडला आणि चार दिवसांनी आला. त्या चार दिवसांत मला गल्लीनं जी नावं ठेवली ती भाषांतराशिवाय समजत होती. चेअरमनसाहेबांनी टीव्हीची किल्ली काढून घेतली. पण खरं लागलं ते अण्णांचं. ते त्या कोरड्या घागरींजवळ उभे राहिले. आधी त्यांनी कार्टूनातल्या भिस्तीला कामचोर म्हणून शिव्या घातल्या, मग म्हणाले, "बावीस वर्षांत म्या एक गल्ली चुकवली न्हाय." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

मशीन जायच्या दिवशी सकाळी अण्णांनी मला उठवलं. टेंपो हॉटेलसमोर उभा होता. हमीदचाचा हमालांना म्हणाले, "जरा ठैरो, अण्णांचा एक डाव होऊ द्या." अण्णा माझ्या मागं उभे राहिले. डावा हात माझ्या खांद्यावर. "दांडा तू धर. म्या सांगतो तसं कर. घाई करू नको."

खरं सांगतो, आयुष्यात इतकं मन लावून मी काही केलं नाही. अण्णा कानाशी बोलत होते, थांब, आता जा, दगड जाऊ दे, आणि मी जात होतो. तिसरा मजला पार झाला! चौथा. पाचवा. हमाल जवळ आले. सहावा. सातवा. शेवटची शिडी, समोर दार, आणि ते दार हळूच उघडायला लागलं. मला राहवलं नाही. दार उघडतंय हे दाखवायला मी अण्णांकडं वळलो, "अण्णा, बघा!" म्हणालो, आणि बोटानं दाखवलं. दांडा धरलेल्या हाताच्या बोटानं.

भिस्ती पाण्यासकट आठ मजले खाली गेला. दार मिटलं. हमालांनी वायर काढली.

अण्णा घराकडं चालायला लागले. मी मागं मागं. गल्ली आल्यावर थांबले, शांतपणे म्हणाले, "मिलिंदा, त्या कार्टूनातल्या भिस्तीला म्या उगंच बोललो. बिचाऱ्यानं निदान बादली खुंटीवरनं काढली तरी न्हाय."