अलमट्टीच्या दारातून येणारा देवमासा

आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात, जिन्याखालच्या लांबट खोलीत, देवमाशाची दोन हाडं आहेत. एक मणका आणि एक बरगडी. मी त्या विभागात शिकवतो आणि संग्रहालयाची किल्ली माझ्याकडं असते. सांगलीपासून समुद्र घाटाच्या पलीकडं, त्यामुळं ही हाडं इथं कशी आली असं प्रत्येक जण विचारतो. पलूसकडच्या शाळांच्या सहली येतात, पोरांबरोबर एखाददुसरा पालकही असतो. बरगडी बघून तो म्हणणार, "आवं सर, हे जू हाय न्हवं बैलाचं?" मणका बघून बायका म्हणणार, "उखळ दिसतंय." माशाचं हाड आहे म्हटलं की हसतात. देवमाशाचं म्हटलं की हसू थांबतं आणि एखादी हळूच वाकून नमस्कार करते. खंडेनवमीला आमचा शिपाई सूक्ष्मदर्शकांबरोबर मणक्यालाही हळदकुंकू लावतो. अलीकडं मात्र पहिला प्रश्न बदललाय. "सर, ह्याची उलटी हाय का तुमच्यात? कोटीत विकत्यात म्हणं, पेपरात सारखी पकडत्यात." मी हसतो आणि सगळ्यांना पुढच्या कपाटाकडं नेतो.

हसून पुढं नेणं मला चांगलं जमतं. त्याच सवयीनं मी माझ्या मुलीचं जे केलं, ते आता लिहायचं आहे.

मी विद्यार्थी असताना आमचा वर्ग किनाऱ्याचा अभ्यास करायला कोकणात गेला होता. खेकडे, शंख, तारामासे गोळा करायचे आणि बाटल्यांत भरून आणायचे. तिथं एका सकाळी मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला होता. हत्ती मी पाहिला होता. पण हत्ती एका नजरेत मावतो. हा मावत नव्हता. आमच्या सरांनी मोजपट्टीचं टोक माझ्या हातात दिलं आणि मला शेपटीकडं पाठवलं. भरती चढत होती. एक मोठी लाट आली आणि ते मेलेलं धूड हललं, माझ्याकडं कललं. मी पडलो. पाणी डोक्यावरून गेलं आणि त्या पाण्याखाली माझ्या पाठीला काहीतरी गार, गुळगुळीत आणि न संपणारं लागलं. मित्रांनी ओढून बाहेर काढलं. त्याच देवमाशाची ही दोन हाडं सरांनी पुढं महाविद्यालयात आणवली. परतीच्या बसमध्ये सांगलीपर्यंत हसणं चाललं होतं. "देवमाशानं तोंडात घातला हुता रं ह्याला, मीठ कमी पडलं म्हणून थुकला!" मीही हसलो. त्यानंतर मात्र गुडघ्यावर पाणी येईल तिथं मी कधी उतरलो नाही. माझं गाव कृष्णेच्या काठावर. तरी हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण मी ते येऊ दिलं नाही.

लग्न झालं, मुलगी झाली. ती शाळेत जायला लागल्यावर सुट्टीच्या दिवसांत मी तिला गाडीवर पुढं बसवून महाविद्यालयात न्यायचो. मणका ही तिची जागा होती. त्यावर बसून ती डबा खायची आणि मला प्रश्न विचारायची. तेव्हा मी खरं तेच सांगायचो, की हा खरं तर मासाच नव्हे, पिलाला दूध पाजतो, गाईसारखा. तिला ते फार आवडलं होतं. आमच्या म्हशीची धार काढताना ती म्हशीला सांगायची, "तुझ्यापेक्षा जास्त दूध देतो तो."

एके दिवशी डबा खाता खाता ती म्हणाली, "पप्पा, मला समुद्र दाखवा. मला हा जिवंत बघायचाय."

समुद्र म्हणजे किनारा आला, किनाऱ्यावर लेकीचा हात धरून पाण्यात उभं राहणं आलं. तोंडातून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं.

"जिवंत नसतो बघायचा तो. होडीच्या खाली येतो. सावलीसुद्धा दिसत नाही. पाठीनं होडी उचलतो आणि मग तोंड उघडतो."

तिनं डबा झाकला आणि मणक्यावरून खाली उतरली. पुन्हा त्यावर बसली नाही.

तिथंच थांबायला हवं होतं. पण लागू पडलंय हे मला दिसलं, आणि लागू पडलं की माणूस मात्रा वाढवतो. उन्हाळ्यात गल्लीतल्या पोरी नदीवर निघाल्या की ती विचारायची, नदीत येतो का? मी म्हणायचो, पुरात येतो. थोडी मोठी झाल्यावर तिनं मला अडवलं. "पण पप्पा, कृष्णा तर पूर्वेला जाते. आणि मध्ये अलमट्टीचं धरण आहे. नकाशात दाखवलं बाईंनी." अलमट्टी म्हणजे खाली कर्नाटकातलं धरण. पावसाळा लागला की आमच्याकडं चहाच्या टपरीवर त्याच्याच दारांच्या गप्पा चालतात. दारं उघडली की आमचं पाणी उतरतं, मिटलेली राहिली की चढतं, असं सगळे धरून चालतात. पोर बरोबर बोलत होती. मी म्हणालो, "पुरात अलमट्टीची दारं उघडतात की. तेव्हा येतो."

शास्त्र शिकवण्याचा पगार घेणारा माणूस हे बोलला.

मग सांगलीत एका मैदानावर फिरतं मत्स्यालय आलं. आकाशपाळणा, भेळेच्या गाड्या, आणि आत काचेचा बोगदा, त्याच्यावरून मासे पोहणार. दर्शनी बाजूला फायबरचा प्रचंड देवमासा केला होता, जबडा उघडलेला, करवतीसारखे दात. आत जायचं ते त्याच्या तोंडातून. बायकोनं हौसेनं तिकिटं काढली. मुलगी दारापाशी थबकली. तिकीट फाडणारा माणूस म्हणाला, "ये की ताई. पोट भरलंय त्याचं, मघाशीच आमच्या मालकाला खाल्लाय." रांग हसली. मुलीनं माझा सदरा धरला आणि तिचा झगा ओला झाला.

मी तिला उचलून रांगेबाहेर आलो. बायको मागनं आली. "आवं, एवढी कशी भ्याली ही? तुम्ही काय सांगितलंय काय तिला?"

"मी कशाला काय सांगतोय?"

ते दात खोटे होते. आमच्या संग्रहालयातली हाडं ज्या जातीची, तिला दातच नसतात. जबड्यात झालरीसारख्या पट्ट्या असतात आणि तो बारीक कोळंबीसारखं काहीबाही गाळून खातो. हे तिथंच सांगता आलं असतं, तिला कडेवर घेऊन, त्या खोट्या दाताला हात लावून. मी सांगितलं नाही. त्याचं कारण लिहिताना हात अडखळतो. माझी लेक ओल्या झग्यानं माझ्या खांद्यावर थरथरत होती आणि मला बरं वाटत होतं. आता ही समुद्राचं नाव काढणार नाही. पुढं शाळेची सहल कोकणात निघाली तेव्हा तिनं आपणहून नाव दिलं नाही. बायकोला वाईट वाटलं. मी म्हणालो, "राहू दे, लहान आहे अजून."

त्यानंतर महापूर आला.

जनावरं आधीच माळावर पाठवली होती. आपण निघू, निघू म्हणता राहिलो. मागच्या वेळी पाणी पायरीपाशी थांबलं होतं, आताही थांबेल असा हिशेब. ते थांबलं नाही. आम्ही तिघं स्लॅबवर चढलो. चहूकडं तांबडं पाणी, त्यात विजेच्या खांबांची डोकी आणि एक विचित्र शांतता. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. शेजारच्या स्लॅबवर आमचे मेजर होते. सैन्यातून निवृत्त झालेल्या कुणालाही आमच्याकडं मेजरच म्हणतात. फोन कानाला लावून ते एकदम ओरडले, "अलमट्टीची दारं उघडली! आता उतार पडंल बगा!"

स्लॅबास्लॅबांवरून लोकांनी "चांगभलं" म्हटलं. बायकोनं हात जोडले. मी मुलीकडं बघितलं.

तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती काठापासून मागं सरकत गेली आणि पाण्याच्या टाकीचा पाइप दोन्ही हातांनी धरून बसली.

"पप्पा, अलमट्टी किती लांब आहे?"

"लांब आहे."

"मग यायला किती वेळ लागेल त्याला?"

आजूबाजूला सगळे हसत होते, आणि त्या हसण्यात तिची भीती एकटीची होती. तेव्हाही मी गप्प राहिलो. बायको शेजारी होती ना.

दुपारी जवानांची रबरी बोट आली. आधी मेजरांना घेतलं, मग आमच्या स्लॅबला लागली. बायको पिशवी घेऊन बोटीत उतरली. मुलगी पाइप सोडेना.

"मी नाही येणार. तो खाली असतो."

"कोण असतो गं पोरी?" मेजर म्हणाले. ती माझ्याकडं बघू लागली.

"उचला की सर तिला! बगत काय बसलाय?"

मी उचलायला गेलो. तिनं लाथा झाडल्या, माझ्या मनगटाला चावली. खालच्या एका गावात नाव उलटल्याचं आमच्या कानावर आलं होतं. जवान म्हणाला, "सर, बच्ची ऐसे हिलेगी तो बोट पलट जाएगी. समझाइए उसको. आगे बूढ़े लोग हैं, हम रुक नहीं सकते."

मी तिच्यासमोर बसलो. बोटीतल्यांना वाटलं, बाप समजूत काढतोय. पण स्लॅबच्या काठाकडं मी एकदाही बघितलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की मी लेकीच्या आडोशाला उभा आहे. ती जोवर नाही म्हणते, तोवर मलाही उतरावं लागणार नाही.

"मी तुला खोटं सांगितलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"सगळं. होडीखाली येतो ते. नदीत येतो ते. अलमट्टीचं."

"का?"

बायको ऐकत होती. मेजर ऐकत होते. "मला पाण्याची भीती वाटते. तुझ्याएवढीच. तू समुद्र दाखवा म्हणालीस, आणि मला जायचं नव्हतं."

मग तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या पोरासारखं मी भडाभडा बोलत सुटलो. आपल्याकडं ज्याचा मणका आहे त्याच्या घशातून नारळसुद्धा जात नाही. त्याला दात नसतात, मत्स्यालयातले खोटे होते. समुद्रातनं इतक्या आत, गढूळ नदीत, तो येऊच शकत नाही. त्याला खाली लपून राहताही येत नाही. आपल्यासारखाच श्वास घ्यायला वर यावं लागतं. नाही येता आलं तर तोसुद्धा बुडून मरतो.

"हे पुस्तकातलं सांगताय की मनातलं?" तिनं विचारलं.

"पुस्तकातलं."

"मग आधी तुम्ही बसा."

मी उठलो. काठावर बसून पाय खाली सोडला. बोट दबली, सरकली, आणि पाठीला ते गार, गुळगुळीत पुन्हा लागलं. मी अजून स्लॅबवरच होतो, सदरा कोरडा होता, तरी लागलं. मला वाटतं मी ओरडलो. मेजरांनी बखोट धरून मला आत ओढलं. गुडघ्यांवर बसूनच मी वळलो आणि तिच्याकडं हात केला.

ती पाइप सोडून काठापर्यंत आली. "हात हलतोय तुमचा."

"हो."

तिनं तो हलणारा हात दोन्ही हातांनी धरला आणि उतरली.

गल्ली संपली आणि बोट शिवारावर आली. रस्ता, बांध, काही कळत नव्हतं. मध्येच बोटीच्या तळाला खालून काहीतरी घासलं. खर्रर्र करत लांबवर घासत गेलं. मुलगी ओरडली नाही. तिनं फक्त माझ्या तोंडाकडं बघितलं.

"काय आहे?"

"ऊस असणार."

"दिसतोय तुम्हाला?"

"नाही."

"माझाच हाय," मेजर म्हणाले. "ह्या साली तुमच्या देवमाशालाच घालतो की, कारखान्याच्या ऊसतोडीची वाट बघाया नको!" बोटीत कुणीतरी हसलं. बायको हसली नाही. मुलीनं बराच वेळ पाण्याकडं बघितलं, मग एक हात माझ्या हातात तसाच ठेवून दुसरा बाहेर काढला, पाण्यात घातला, आणि काहीतरी ओढलं. लांब हिरवी पात निघाली. पातीनं तिचं बोट कापलं होतं. रक्त आलेलं बोट आणि ती पात तिनं माझ्यापुढं धरली, आणि पूर ओसरेपर्यंत छावणीत ती पात जपून ठेवली.

संग्रहालयाच्या खोलीतही पाणी शिरलं होतं. हाडं धुवायला ती माझ्याबरोबर आली. मणक्याच्या भोकांतला गाळ तिनं दात घासायच्या ब्रशानं काढला. बसली नाही त्यावर. भीती गेली असं लिहिलं तर ते पुन्हा खोटंच होईल; पाण्याची टाकी भरताना अजून ती एक पाऊल मागं उभी राहते. बायको मला त्या खोट्यावरून कधी बोलली नाही, आणि ती बोलत नाही हेच मला जास्त लागतं. मुलगी मात्र विचारते. मी काहीही सांगितलं, परीक्षेचं, पावसाचं, आजारपणाचं, की तिचा प्रश्न ठरलेला. "पुस्तकातलं की मनातलं?"

परवा ती म्हणाली, "या सुट्टीत समुद्रावर जाऊ. काही होत नाही ना?"

"काही होत नाही."

"पुस्तकातलं?"

"हो."

"आणि मनातलं?"

"मनातलं विचारशील तर मला रात्रभर झोप यायची नाही."

"मलापण," ती म्हणाली. आणि एसटीच्या वेळा बघायला लागली. मी अजून तरी 'नाही' म्हटलेलं नाही.