वीतभर मातीचा उतार

पाड्यावरून मी कायमची निघाले त्या दिवशी आई रडली नाही. जीप वळणावर उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय, आणि ही माझ्या नव्या चपलांकडे बघत म्हणते, "झटक त्या आधी. आपली माती कुठं घेऊन चाललीस?" शेतातून बाहेर पडताना पाय झटकायचे, ही आमच्या पेठकडच्या डोंगरातली रीतच. पण लग्न होऊन निघालेल्या पोरीलाही? असा राग आला मला! चपला दगडावर दोनदा आपटल्या आणि मागे न बघता जीपमध्ये बसले.

तुम्ही जे अजून वर डोंगरात आहात, ते हसाल. माझ्यासारख्या खाली उतरून आलेल्या बायांना मात्र हे कळेल. आमचे हे नाशकाजवळ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला. क्वार्टरमागे मेथी लावावी म्हणून कुदळ मारली, तर ती गेली की खाली! दगड लागेचना. नुसती काळी, लोण्यासारखी माती. खरं सांगते, मी घाबरले. आमच्याकडे कुदळीचे दोन घाव घातले की तिसऱ्याला ठण्ण वाजायचं, आणि मग कळायचं, आपण कशावर उभे आहोत. इथे चपलेला अर्धा किलो चिखल लागतो आणि लोक तो फुटपाथला पुसून मोकळे होतात.

दुपारी कुकर उतरवून जरा डोळा लागला की स्वप्नात तो उतार येतो. आमच्या डोंगराला पायऱ्या आहेत. काळा टणक खडक असतो तिथे कडा सरळ उभा. त्यावर माती ठरत नाही. त्याच्याखाली भोकाभोकांचा मऊ खडक, पोटात पांढऱ्या गारगोट्या. तो कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची तांबूस माती होते, आणि उतार जिथे जरा टेकतो तिथेच ती थांबते. आमचं नागलीचं, इथल्या भाषेत नाचणीचं, शेत अशाच एका पायरीवर. वरच्या अंगाला माती वीतभर, खालच्या काठाला हातभर, कारण पाण्याबरोबर ती सारखी खाली सरकायची. म्हणून दर उन्हाळ्यात आई खालची माती पाटीत भरून डोक्यावरून वर नेऊन पसरायची. मागे मी, माझी छोटी पाटी घेऊन. स्वप्नात त्या पाट्यांना वजन नसतं. चढ संपत नाही, आई पुढे काहीतरी गुणगुणत असते, आणि मला ते कधीच नीट ऐकू येत नाही.

दोन वर्षांपूर्वी आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशकात आणलं. वडील जाऊन बरीच वर्षं झालीत, हिचे गुडघे गेलेत, तरी पाट्या चालूच. मला वाटलं, आता बास! ती माझ्याकडे डोळ्यांत थेंब घालून पडलेली असताना मी परस्पर जेसीबी सांगितला. उतारच काढून टाकायचा, शेत सपाट करायचं. माती खाली जाणार नाही, हिला वर न्यावी लागणार नाही. हे म्हणालेही, "अगं, आधी आईंना विचार तरी." पण मी कुणाचं ऐकलंय कधी? म्हटलं, सरप्राइज देऊ.

दिलं. जेसीबीने वरचं अंग खरवडून खाली लोटलं. आधी ती वीतभर माती गेली, तिच्यावर मुरूम पडला, मुरमावर दगड. शेत कॅरमबोर्डासारखं सपाट झालं आणि त्यात मातीच राहिली नाही. आईला घेऊन गेले तेव्हा ती काठावर उभी राहून नव्या डोळ्याने बराच वेळ बघत होती. मग एवढंच म्हणाली, "आता लय साफ दिसतंय गं."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रडत रडत म्हटलं, चल माझ्याकडे कायमची, इथे आता उरलंय काय?

"खडक हाय ना. कुजंल हळूहळू."

तिच्या हयातीत? माझ्याही नाही, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती आली नाही. त्या वर्षी माहेरची नागली घरात आली नाही. मी नाशकात द्वारका चौकातल्या दुकानातून पीठ आणलं आणि भाकरी थापल्या.

परवा, गणपती गेल्यावर, पाड्यावर गेले. ढग शेतात उतरले होते. आईने शेजारच्या बायांना हाताशी धरून त्या खडकावर आडवे दगड रचलेत. वरच्या रानातून पाण्याबरोबर येणारा गाळ त्यांच्यामागे अडतो. जमलीये किती, तर चार बोटं. तेवढ्यात तिने तेलाची खुरासणी पेरलीय. विरळच, पण फुललीय. पिवळ्या फुलांमागे आई क्षणभर दिसायची, पुन्हा पुसली जायची.

माझं घर एकलहऱ्यात आहे. पोरांची शाळा, रेशनकार्ड, सगळं तिथलं. पण माहेर म्हणजे काय, ते मला तिथे काठावर उभं राहून कळलं. लहानपणी ज्या शेतात धावत शिरायची, तिथे पहिल्यांदाच मी थांबून विचारलं, "आई, पाय कुठे ठेवू?"

"दगडावरनं ये," ढगातून आवाज आला. "माती आत्ता कुठं बसाय लागलीय."