चावीवाल्या वहिनी

ग्रामोफोनवर गाणं लागलं की चावीवाल्या वहिनी दूध उतू गेलं तरी उठत नसत. पदराचं टोक मुठीत धरून नुसत्या ऐकत बसत. असं ऐकणारं माणूस मी त्यांच्याआधी पाहिलं नव्हतं, आणि तेच माझ्या मुळावर आलं.

कारण जबलपूरच्या आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये गाणारी म्हणजे मी. गणपती असो की हळदीकुंकू, पेटी माझ्यापुढेच यायची. मग पाकिस्तानशी लढाई लागली. फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला, खिडक्यांना काळे कागद लागले, आणि संध्याकाळी शेजारच्या वहिनींकडे सगळे जमू लागले. छावणीजवळच्या सदर बाजारातली एक मेमसाब ऑस्ट्रेलियाला निघाली होती. तिच्याकडून वहिनींनी चावीचा ग्रामोफोन आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांच्या रेकॉर्डी घेतल्या होत्या. कापूस वेचतानाची गाणी, रेल्वेचे रूळ टाकतानाची, चर्चमधली. वहिनींना इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं.

"यातलं तुम्हाला समजतं तरी काय?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"कोणीतरी थकून राहिलं ना ताई, तेवढं समजते. शब्द काहून पाहिजे?"

एका रेकॉर्डवरचा कागद पार निघून गेला होता. तिच्यात एक म्हातारा गिटारवर खर्जात गायचा. सगळी लाइन त्याला आजोबा म्हणायची. आमचे हे ड्यूटीवरून आले की चहाही न घेता तिकडे जात. "वहिनीजी, आजोबा लावा." मला गा म्हणून त्यांनी कांदेपोह्यांच्या वेळी सांगितलं होतं, त्यानंतर नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पुढे ग्रामोफोन अगदीच रखडू लागला. ह्यांनी तो उघडून तेल घातलं, स्प्रिंग बदलली. रेकॉर्ड लावली, तर आजोबा गायब. एक तरणी बाई गात होती. ढिल्या स्प्रिंगमुळे रेकॉर्ड हळू फिरून आवाज जाड व्हायचा, आणि आम्ही इतके दिवस तिला म्हातारा समजत होतो. सगळे हसले, सर्वांत मोठ्याने मी. वहिनींची चांगली जिरली असं मला वाटलं.

वहिनी हसल्या नाहीत. "अच्छा, बाई आहे," एवढंच म्हणाल्या. लढाईमुळे मेमसाबचं जहाज लांबलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या सदरला जाऊन विचारून आल्या. ती गाणारी बाई लोकांकडे कपडे धुवायची आणि रविवारी चर्चमध्ये गायची. तिचं नाव मेमसाबलाही आठवेना. त्या संध्याकाळी वहिनींनी तीच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावली. ओळख नव्याने करून घ्यायची म्हणाल्या.

लढाई संपल्यावर वहिनींच्या मिस्टरांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा मला राहवलं नाही. "वहिनी, माझं गाणं कधी आवडलं का हो?"

त्या दिवशी तरी त्यांनी खोटं बोलायला हरकत नव्हती.

"गळा गोड आहे ताई तुमचा. पण गाताना तुम्ही, कोण कोण ऐकून राहिलं, ते पाहता. ती रेकॉर्डमधली बाई नाही पाहत."

आता दुपारी घरात कोणी नसताना मी गाते. कधीकधी आवाज असा लागतो की हा खरा लागला अशी माझी मलाच खात्री पटते. लगेच मनात येतं, हे वहिनींनी ऐकायला हवं होतं, आणि सूर हलतो. सातासमुद्रापलीकडच्या त्या बाईला वहिनी मिळाल्या, आणि मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होते.